इरेझ अर्ध्यावर तुटलं तर? फ्लॅश स्टोरेजचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या नवख्यांसाठी

फ्लॅशचा एक सेक्टर पुसायची आज्ञा दिली आणि तेवढ्यात वीज गेली. वीज परत आल्यावर सॉफ्टवेअरने तो सेक्टर वाचून पाहिला, तर सगळे बाइट एफएफ, म्हणजे सगळे बिट १. म्हणजे कोरा, असं धरून त्यात डेटा लिहिला, परत वाचला, बरोबर निघाला. काही आठवड्यांनी त्याच जागेवर चेकसम (डेटा शाबूत आहे का हे तपासायचा आकडा) चुकतो, आणि दोष चिपवर ढकलला जातो. चिप मात्र ठणठणीत असते. चूक एकच झालेली असते: एफएफ वाचलं म्हणजे पुसून झालं, असं मानलं गेलं.

हा लेख त्या एका चुकीभोवती आहे. एसपीआय नॉर चिप, नँड चिप किंवा मायक्रोकंट्रोलरच्या आतली फ्लॅश, यांपैकी कशावरही स्वतःचा लॉग, सेटिंग साठवण किंवा छोटी फाइल सिस्टीम लिहायला घेतली असेल तर पुढच्या पायऱ्या कामी येतील.

इरेझ चालू असताना चिपच्या आत काय होतं

फ्लॅशमध्ये लिहिणं म्हणजे १ चा ० करणं. ० चा परत १ करायचा तर अख्खा सेक्टर किंवा ब्लॉक पुसावा लागतो. एका बिटापुरतं पुसणं नसतंच. हे सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की इरेझ ही एकसंध क्रिया नाही. नॉर चिप साधारणपणे आधी सेक्टरमधले सगळे बिट ० करून घेते, म्हणजे सगळ्या सेल एका पातळीवर येतात. मग पुसण्याचे पल्स देते, प्रत्येक टप्प्यानंतर स्वतःच तपासते, आणि शेवटी गरजेपेक्षा जास्त पुसल्या गेलेल्या सेल जराशा वर ओढून घेते. यातल्या कोणत्याही क्षणी वीज जाऊ शकते, आणि कुठे गेली त्यावर वीज आल्यावर काय दिसेल ते ठरतं.

सेलमध्ये ० आणि १ अशा दोन वस्तू नसतात. तिथे अडकलेला विद्युतभार असतो आणि त्यानुसार सेलची उंबरठा-पातळी ठरते. वाचताना चिप ती पातळी एका रेषेशी ताडून पाहते. स्वतः इरेझ तपासताना मात्र ती जास्त कडक रेषा लावते, म्हणजे नेहमीच्या वाचनाला पुरेशी मोकळीक उरते. अर्धवट इरेझमध्ये सेल नेहमीची रेषा जेमतेम ओलांडून थांबलेली असू शकते. ती आत्ता १ वाचते. बोर्ड तापला, व्होल्टेज जरा हललं किंवा काही दिवस गेले की तीच ० वाचते. एकाच पत्त्यावर लागोपाठ दहा वेळा वाचलं तर कधी एफएफ, कधी एफबी येतं. लिनक्सच्या फ्लॅश मंडळींत यांना डळमळीत बिट म्हणतात.

म्हणून तुमच्या वाचनाला चिपच्या आतल्या तपासणीची जागा घेता येत नाही. चिपला जी कडक रेषा लावता येते, ती साध्या वाचनाच्या आज्ञेतून तुम्हाला मिळत नाही. स्पॅन्शनच्या एस२५एफएस-एस मालिकेसारख्या काही चिपांमध्ये सेक्टरचं शेवटचं इरेझ पूर्ण झालं होतं का, हे विचारायची वेगळी आज्ञा आहे. तुमच्या चिपमध्ये ती असेल तर जरूर वापरा. बहुतेक चिपांत नसते.

पायरी १: डेटाशीटमधले आकडे आधी कागदावर काढा

विनबॉन्डची डब्ल्यू२५क्यू१२८जेव्ही ही १६ मेगाबाइटची नॉर चिप उदाहरणाला घेऊ. ४ किलोबाइटचा सेक्टर पुसायला नेहमीचा वेळ ४५ मिलिसेकंद, जास्तीत जास्त ४००. ६४ किलोबाइटचा ब्लॉक पुसायला १५० मिलिसेकंद, जास्तीत जास्त २००० म्हणजे पूर्ण दोन सेकंद. चालण्याचं व्होल्टेज २.७ ते ३.६. नवखे लोक नेहमीचा वेळ पाहून टाइमआउट १०० मिलिसेकंदांवर लावतात. नवी चिप त्यात बसते. झिजलेली, थंडीतली चिप बसत नाही, आणि मग सॉफ्टवेअर स्वतःच चालू इरेझ मोडून टाकतं. टाइमआउट नेहमी कमाल आकड्यावर, वर थोडी सूट ठेवून लावा.

वॉचडॉगही, म्हणजे प्रोसेसर अडकला तर रीसेट मारणारा टायमर, याच आकड्याशी जुळवा. एसटीएम३२एफ४ या मायक्रोकंट्रोलरमधला १२८ किलोबाइटचा सेक्टर पुसायला एक-दोन सेकंद लागतात. फ्लॅशच्या त्याच भागातून (बँकेतून) कोड चालत असेल तर तेवढा वेळ प्रोसेसर अडकून राहतो. वॉचडॉग एका सेकंदावर लावलेला असेल तर तो नेमका इरेझच्या मध्यावर रीसेट मारेल, आणि दरवेळी मारेल.

पायरी २: वीज पुरेशी नसेल तर इरेझ सुरूच करू नका

इथे एक सापळा आहे. मायक्रोकंट्रोलर १.८ व्होल्टपर्यंत चालतो, म्हणून ब्राउन-आउट रीसेटही (व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की होणारा रीसेट) तिथेच ठेवला जातो. फ्लॅश चिपची हद्द मात्र २.७ ला संपते. मधल्या पट्ट्यात प्रोसेसर शुद्धीवर असतो आणि चिप बेभरवशाची. सॉफ्टवेअर अशा वेळी इरेझची आज्ञा देतं, ‘झालं’ असं वाचतं आणि पुढे जातं. ब्राउन-आउटची पातळी फ्लॅशच्या किमान व्होल्टेजच्या वर ठेवा. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणात इरेझच्या आधी व्होल्टेज मोजा, आणि तेही भार चालू असताना. रिकाम्या बॅटरीचं बिनभाराचं व्होल्टेज फसवं असतं.

मोठा कॅपेसिटर लावून प्रश्न सुटेल का? हिशेब करून पाहा. प्रवाह गुणिले वेळ, भागिले व्होल्टेजमधली घट. फ्लॅश आणि प्रोसेसर मिळून २५ मिलिअँपिअर घेतात, व्होल्टेज ३.३ वरून २.७ पर्यंत घसरू द्यायचं आहे. ५० मिलिसेकंद तग धरायला सुमारे २१०० मायक्रोफॅरड लागतात. कमाल ४०० मिलिसेकंदांसाठी जवळपास १६,७०० मायक्रोफॅरड. कॅपेसिटरमुळे अपघात कमी होतात हे खरं, पण संपत नाहीत. सॉफ्टवेअर इरेझ तुटणारच आहे असं धरून लिहायचं.

पायरी ३: पुसण्याआधी ब्लॉक ‘मेलेला’ करा

हा भाग सर्वांत जास्त लोक गाळतात. यूबीआय हा लिनक्समधला फ्लॅशचे ब्लॉक सांभाळणारा थर, त्याच्या कोडमध्ये याचं कारण एका टिपणीत लिहून ठेवलं आहे. स्पॅन्शनच्या एस२९जीएल५१२एन या नॉर चिपवर असं दिसलं, की इरेझ करताना चिप आधी ब्लॉक शून्यांनी भरते आणि हे भरणं ब्लॉकच्या शेवटाकडून सुरू होतं. मध्येच वीज गेली तर ब्लॉकच्या सुरुवातीचं हेडर शाबूत, चेकसमसकट बरोबर, आणि शेवटचा डेटा सगळा शून्य. बूट झाल्यावर सॉफ्टवेअर हेडर पाहतं आणि ब्लॉक जिवंत समजतं.

उपाय सोपा आहे. नॉर फ्लॅशमध्ये लिहिलेल्या जागेवर परत लिहून १ चे ० करता येतात. म्हणून इरेझच्या आज्ञेआधी हेडरमधली ओळखीची खूण, म्हणजे मॅजिक आकडा, शून्यांनी भरून टाका. चार बाइटचं काम, एक मिलिसेकंदही लागत नाही. शून्य झालेली खूण नीट वाचून खात्री करा आणि मगच इरेझची आज्ञा द्या. आता इरेझ कुठेही तुटलं तरी हा ब्लॉक जुनं हेडर दाखवून तुम्हाला फसवू शकत नाही.

अर्थात त्याआधी ब्लॉकमधला कामाचा डेटा दुसरीकडे लिहून, तिथून परत वाचून तपासलेला असला पाहिजे. नवी प्रत पक्की, मग जुनी मेलेली, मग इरेझ. हा क्रम घाईतही उलटा करू नका.

मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या फ्लॅशला ईसीसी (बिटांच्या चुका ओळखून दुरुस्त करणारे जादा बिट) असेल तर लिहिलेल्या शब्दावर परत लिहिता येत नाही. एसटीएम३२एल४ मध्ये ८ बाइटचा पूर्ण शब्द शून्य करायला तेवढी सवलत आहे. म्हणून तिथे मॅजिक आकड्याला स्वतंत्र ८ बाइट द्या, त्यात दुसरं काही कोंबू नका.

पायरी ४: इरेझ, आणि निकालाची वाट

नॉरवर क्रम असा: राइट-इनेबल (हेक्स ०६), स्टेटस वाचून तो बिट खरंच लागला का ते पाहणं, सेक्टर-इरेझ (हेक्स २०) आणि पत्ता, मग स्टेटस रजिस्टर (हेक्स ०५) वाचत राहणं, त्यातला शून्य क्रमांकाचा बिझी बिट उतरेपर्यंत. राइट-इनेबल तपासला नाही आणि चिप राइट-प्रोटेक्टमध्ये असली, तर इरेझची आज्ञा गुपचूप गिळली जाते. बिझी बिट लागतच नाही आणि तुम्हाला वाटतं, काम विजेच्या वेगाने झालं. ४५ मिलिसेकंदांचं काम १० मायक्रोसेकंदांत उरकलं तर ते झालेलंच नाही.

बिझी बिट उतरल्यावर इरेझ फसल्याचा बिट तुमच्या चिपमध्ये असेल तर तो वाचा. नँडमध्ये इरेझ (हेक्स ६० आणि डी०) झाल्यावर हेक्स ७० ने स्टेटस वाचतात. तिथे शून्य क्रमांकाचा बिट लागलेला असेल तर अपयश.

आणखी एक तपासणी: इरेझ चालू असताना व्होल्टेज पडल्याचा इशारा आला होता का? प्रोसेसर जिवंत राहिला म्हणून इरेझही पूर्ण ताकदीने झालं असं नाही. इशारा आला असेल तर हे इरेझ झालंच नाही असं धरा.

पायरी ५: पुसून झाल्याची पावती लिहा

निकाल चांगला आला, आता ब्लॉकच्या सुरुवातीला पावती लिहायची. एक मॅजिक आकडा, आजवर किती वेळा इरेझ झालं तो आकडा, आणि दोन्हींचा सीआरसी (एक प्रकारचा चेकसम). ही पावती असेल तरच ब्लॉक कोरा. नसेल तर तो कितीही एफएफ दिसो, परत पुसायचा.

ही कल्पना जुनी आणि पारखलेली आहे. जेएफएफएस२ ही लिनक्सची फाइल सिस्टीम प्रत्येक यशस्वी इरेझनंतर १२ बाइटची ‘क्लीनमार्कर’ नोंद लिहिते, आणि माउंट करताना कोऱ्या दिसणाऱ्या ब्लॉकवर ती नसली तर तो परत पुसायला काढते. यूबीआयमध्ये हेच काम इरेझ-काउंटरचं हेडर करतं. लिटलएफएस या छोट्या उपकरणांसाठीच्या फाइल सिस्टीमने वेगळी वाट धरली: ब्लॉक वापरायला घेताना, लिहिण्याच्या लगेच आधी तो पुसायचा. जुन्या इरेझवर विसंबायची वेळच येत नाही. छोट्या साठवणुकीला ही पद्धत उत्तम. फक्त दर नव्या ब्लॉकला लिहिताना इरेझचा वेळ जातो, आणि तो सोसवत नसेल तर पावतीला पर्याय नाही.

एसटी या चिप कंपनीच्या जुन्या ईईप्रॉम-नकलेच्या (फ्लॅशवर ईईप्रॉमसारखी साठवण करणाऱ्या) उदाहरणात पानाची अवस्था पहिल्या १६ बिटांत असते: कोरं म्हणजे एफएफएफएफ, डेटा घेत असलेलं ईईईई, वैध ००००. इथे ‘कोरं’ या अवस्थेला पावती नाही, फक्त पावतीचा अभाव आहे. तो कोड उचलला असेल तर हा कच्चा दुवा लक्षात घ्या: कोरं पान वापरण्याआधी एकदा पुसून घ्या, किंवा अवस्थेत पावतीची भर घाला.

पायरी ६: बूट होताना काय पाहायचं, कोणत्या क्रमाने

सर्वांत आधी चिपची अवस्था. प्रोसेसर रीसेट झाला म्हणून चिप रीसेट होत नाही. वॉचडॉगने रीसेट मारला तेव्हा इरेझ चालू असेल, तर चिप ते शांतपणे पुढे चालवते आणि वाचनाच्या आज्ञांकडे दुर्लक्ष करते. बूटचा कोड कचरा वाचतो आणि ‘डेटा खराब’ म्हणून सगळं पुसायला निघतो. म्हणून पहिलं काम: स्टेटस वाचा, बिझी असेल तर कमाल वेळेपर्यंत थांबा. इरेझ सस्पेंड अवस्थेत (मध्येच थांबवलेलं) अडकलेलं असेल तर रिझ्यूम (विनबॉन्डवर हेक्स ७ए) देऊन ते पूर्ण होऊ द्या. त्यानंतरच सॉफ्ट-रीसेट (हेक्स ६६, मग ९९). विनबॉन्डचं डेटाशीट स्पष्ट बजावतं, की इरेझ चालू किंवा थांबवलेलं असताना रीसेट दिल्यास डेटा बिघडू शकतो. बूटमध्ये पहिल्या ओळीला ६६-९९ ठोकून देण्याची सवय म्हणूनच वाईट.

मग प्रत्येक ब्लॉकची छाननी, याच क्रमाने:

१. डेटाचं हेडर वैध आहे? ब्लॉक वापरात आहे. पावती वाचता येत नसली तरी तो पुसायचा नाही.

२. खूण शून्य केलेली आहे? इरेझ बाकी आहे, रांगेत टाका.

३. पावती वैध आहे आणि डेटाचं हेडर लिहिलेलं नाही? कोरा.

४. बाकी काहीही, सगळं एफएफ धरून: संशयित.

संशयित ब्लॉक लगेच पुसू नका. आधी हजेरी घ्या. प्रत्येक तार्किक ब्लॉकची (चिपवर कुठेही असो, सॉफ्टवेअर ज्याला एक ब्लॉक मानतं त्याची) किमान एक वैध प्रत कुठेतरी सापडली का ते पाहा. सगळे हजर असतील तर संशयितांत हरवण्यासारखं काही नाही, खुशाल पुसा. एखादा गैरहजर असेल तर ज्या संशयितांत एफएफ सोडून काही दिसतं ते बाजूला ठेवा, नोंद करा, हात लावू नका. त्यांपैकी एखादा म्हणजे हेडर किडलेली एकमेव प्रत असू शकतो. यूबीआयसुद्धा हेडर बिघडलेला पण आत डेटा दिसणारा ब्लॉक सरसकट पुसत नाही, जपून ठेवतं.

कारखान्यातून आलेल्या नव्या चिपवर एकाही ब्लॉकला पावती नसते, म्हणून पहिल्या बूटला सगळेच संशयित निघतात. १६ मेगाबाइटची चिप ४ किलोबाइटच्या सेक्टरांनी पुसायची तर ४०९६ गुणिले ४५ मिलिसेकंद, म्हणजे तीन मिनिटांवर. ६४ किलोबाइटच्या ब्लॉकांनी पुसली तर ३८ सेकंदांच्या आसपास. हे काम उत्पादनाच्या वेळीच उरका, किंवा मागे हळूहळू होऊ द्या.

पायरी ७: परत पुसताना

पूर्ण ब्लॉक, पहिल्यापासून, पायरी ३ ते ५ परत. अर्धवट पुसलेल्या ब्लॉकवर ‘राहिलेले बिट तेवढे’ असं काही नसतं. इरेझचा आकडा हरवला असेल तर बाकीच्या ब्लॉकांची सरासरी लिहा, यूबीआय असंच करतं. शून्य लिहिलंत तर झीज वाटून देणारा कोड याच ब्लॉकला नवा समजून झोडपत राहील.

तुटलेलं इरेझ म्हणजे खराब ब्लॉक नव्हे. पूर्ण विजेवर केलेलं इरेझ चिपने ‘फसलं’ म्हणून सांगितलं तरच ब्लॉक बाद करा.

आणि परत पुसण्याचं काम बूटच्या वाटेत ठेवू नका. मरायला टेकलेली बॅटरी: बूट होतं, इरेझ सुरू होतं, प्रवाह वाढतो, व्होल्टेज पडतं, रीसेट, परत बूट. हे चक्र एका रात्रीत एकाच ब्लॉकवर हजारो अर्धवट इरेझ करू शकतं. बूटमध्ये फक्त रांग तयार करा. पुसणं नंतर, व्होल्टेज तपासून, एका वेळी एक.

नँड आणि ईसीसीवाल्या फ्लॅशचं वेगळेपण

नँडमध्ये लिहिलेल्या पानावर परत लिहून खूण शून्य करणं चालत नाही. ईसीसी बिघडतो आणि पान क्रमानेच लिहायचं असतं. तिथे हेतू दुसरीकडे नोंदवा: ‘हा ब्लॉक पुसणार’ अशी ओळ जर्नलमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत. प्रत्येक प्रतीला चढता क्रमांक दिला तर जुनी प्रत नव्यापुढे आपोआप हरते. पण मिटवलेल्या फाइलला नवी प्रत नसते, त्यामुळे तिचा जुना ब्लॉक अर्धवट इरेझनंतर जिवंत होऊन परत उभा राहू शकतो. मिटवल्याची नोंद इरेझच्या आधी पक्की झालेली असावी ती यासाठी.

ईसीसी असलेल्या आतल्या फ्लॅशवर नुसतं वाचणंही धोक्याचं आहे. एसटीएम३२एल४ वर अर्धवट पुसलेला शब्द वाचला आणि दोन बिटांची चूक निघाली, तर एनएमआय (बंद न करता येणारा इंटरप्ट) येतो. त्याचा हँडलर लिहिलेला नसेल तर प्रोसेसर रिकाम्या लूपमध्ये फिरत राहतो, रीसेट झाला तरी छाननीत पुन्हा त्याच पत्त्यावर येऊन अडकतो, आणि बोर्ड मेला असं वाटतं. हँडलरमध्ये ईसीसी रजिस्टरातला पत्ता वाचा. तो साठवणुकीच्या हद्दीत असेल तर ब्लॉक संशयित म्हणून नोंदवा, चूक दाखवणारा झेंडा (फ्लॅग) उतरवा आणि परत या.

चाचणी: खरोखर वीज तोडा

आधी संगणकावर नकली फ्लॅश बनवा. बहुतेक जण इथे तुटलेल्या इरेझनंतर ब्लॉक एकतर पूर्ण जुना किंवा पूर्ण एफएफ ठेवतात. असली चाचणी काहीच पकडत नाही. तुमच्या नकली चिपने पाच अवस्था दाखवायला हव्यात: सगळं जुनं, शेवटाकडून शून्य होत आलेलं, सगळं शून्य, विस्कळीत, आणि डळमळीत, म्हणजे दर वाचनाला काही बिट वेगळे. शेवटची अवस्थाच सर्वांत जास्त चुका बाहेर काढते.

मग खऱ्या बोर्डावर. फ्लॅशच्या विजेच्या वाटेवर स्विच म्हणून मॉस्फेट, इरेझ सुरू होताच एक पिन वर, तिथून ० ते ४०० मिलिसेकंदांत कधीही यादृच्छिक क्षणी वीज बंद. कॅपेसिटरमध्ये उरलेला भार रोधातून काढून टाका, नाहीतर व्होल्टेज इतकं सावकाश उतरतं की इरेझ पूर्णच होतं आणि चाचणी खोटी पास होते. एका फेरीला २ सेकंद धरले तर १०,००० फेऱ्या साडेपाच तासांत होतात. एक लाख इरेझचं आयुष्य असलेल्या चिपवर फेऱ्या एकाच सेक्टरवर ओतू नका, पसरवा. २.७ आणि ३.६ व्होल्टवर, थंड आणि गरम बोर्डावर तीच फेरी परत करा. ज्या व्होल्टेजला तोडलं त्याच व्होल्टेजला वाचलं तर डळमळीत बिट बरेचदा लपून राहतात.

फर्मवेअरमध्ये तीन मोजण्या ठेवा: बूटला किती संशयित सापडले, किती परत पुसले, किती वेळा व्होल्टेज कमी म्हणून इरेझ पुढे ढकललं. बाहेर गेलेल्या उपकरणात पहिला आकडा सतत वाढत असेल आणि तिसरा शून्यच राहत असेल, तर व्होल्टेजची तपासणी काम करत नाही आहे. बॅटरी मोजण्याचा कोड भार चालू असताना मोजतो की आधी, तिथून शोध सुरू करा.